खिळ्यावरचा हरवलेला किलो

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पत्र लांबलं आहे, कल्पना आहे. कात्री लावायची तर सुरुवातीच्या सोसायटीपुराणाला लावा, मधल्या दोरीला हात लावू नका, एवढी विनंती.

आमची इमारत बेचाळीस वर्षांची. तीस वर्षं उलटली की मुंबईत स्ट्रक्चरल ऑडिट कायद्यानेच करावं लागतं, तसं ते झालं. अहवाल साठ पानांचा आला. त्यातली एकोणसाठ कोणी उघडली नाहीत. शेवटच्या पानावर गच्चीच्या स्लॅबचं रंगीत चित्र होतं: बराचसा निळा, मध्ये हिरवा-पिवळा, आणि पाण्याच्या टाकीच्या एका पायाशी लालभडक ठिपका. ते पान कोणीतरी व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकलं. रात्री साडेअकराला चौथ्या मजल्यावरून निरोप आला, "लाल आमच्या बेडरूमवर आहे." त्यानंतरच्या विशेष सर्वसाधारण सभेत लाल आणि निळे असे दोन पक्ष पडले. लालवाल्यांना इमारत तातडीने पाडून पुनर्विकास हवा, निळ्यांना रंगरंगोटीत भागवायचं. कन्सल्टंटकडून आलेला सव्वीस-सत्तावीस वर्षांचा मुलगा भांबावून एवढंच म्हणाला, "फायनाइट एलिमेंट अ‍ॅनॅलिसिस आहे, सॉफ्टवेअरने दिलंय." सभा चिडीचूप झाली. आमच्या गावी देवळात कौल लागल्यावर होते तशी.

या कौलावर मी तेहेतीस वर्षं पोट भरलं आहे. १९७८ साली माटुंग्याच्या व्हीजेटीआयमधून बाहेर पडले ती थेट डिझाइनच्या टेबलाशी बसले. म्हणून आपल्याला लिहिते आहे, कारण हा कौल आता वर्तमानपत्रांतही छापून येतो. अंधेरीच्या गोखले पुलाचा पदपथ जुलै २०१८ मध्ये रुळांवर कोसळला, १४ मार्च २०१९ ला सीएसएमटीजवळचा हिमालय पूल पडला, आणि 'ऑडिट' हा शब्द घरोघरी पोचला. पाठोपाठ 'संगणकीय विश्लेषणात पूल सुरक्षित' असं वाक्य आलं. त्या विश्लेषणात नेमकं काय होतं, ते मात्र कोणी सांगत नाही. सांगण्यासारखं आहे, आणि एका दोरीवर सांगता येतं.

माझं लहानपण गिरगावातल्या चाळीत गेलं. गॅलरीत दोन खिळ्यांमध्ये कपडे वाळत घालायची दोरी. ती चार मीटर धरा, ताण दहा किलोचा. पिळलेले कपडे एकाला एक खेटून असे घातले आहेत की दर मीटरला एक किलो वजन येतं. एकूण चार किलो. दोरी किती झोळ खाईल? डिफरन्शिअल इक्वेशन, आपल्या विश्वकोशाच्या भाषेत अवकल समीकरण, इथे साधं आहे: ताण गुणिले दोरीची वक्रता बरोबर दर मीटरचं वजन. हे हातानेही सुटतं. उत्तर येतं एक अन्वस्त (पॅराबोला), मधोमध वीस सेंटिमीटर खाली, आणि खिळ्यापासून एक मीटरवर पंधरा.

आता समजा, हे हातानं सुटत नाही. (आमच्या गच्चीचं खरोखरच सुटत नाही. लिफ्टची पोकळी, जिन्याचा काप, टाकीचे चार पाय. स्लॅबचं समीकरण दोनशे वर्षांपूर्वी लिहून झालं आहे, पण अशा वेड्यावाकड्या आकारासाठी त्याच्या उत्तराचं सूत्र नाही.) मग काय करायचं? दोरीच्या जागी दोन-दोन मीटरच्या दोन सरळ काठ्या मध्ये बिजागरीने जोडल्या आहेत असं मानायचं. प्रत्येक काठीवरचं दोन किलो वजन निम्मं-निम्मं तिच्या दोन टोकांना वाटून टाकायचं. मधल्या सांध्यावर एक आणि एक, दोन किलो आलं. तो सांधा 'स' मीटर खाली गेला तर दोन्ही बाजूंनी मिळून त्याला दहा गुणिले 'स' इतकी वर ओढ बसते. दोन किलो भागिले दहा, म्हणजे वीस सेंटिमीटर. तंतोतंत बरोबर! काठी म्हणजे एलिमेंट, सांधा म्हणजे नोड, आणि अशा तुकड्यांच्या विणीला आम्ही मेश म्हणतो, म्हणजे जाळी. एलिमेंट मोजता येतील इतके, म्हणून फायनाइट. मराठीत 'सांत घटक पद्धत' म्हणता येईल. म्हणताना कोणाला ऐकलं नाही.

थोडं खोलात जायचं तर असं. मूळ समीकरण दोरीच्या प्रत्येक बिंदूकडून हिशेब मागतं, की इथली वक्रता इथल्या वजनाला पुरली पाहिजे. काठ्यांकडे वक्रताच नाही. काठी सरळसोट, आणि सांध्यात एकदम मोडलेली. हिशेब द्यायला उभ्या केल्या तर पहिल्याच बिंदूवर नापास. म्हणून मागणी सैल करतात. प्रत्येक सांध्यावर एक तंबू कल्पायचा, सांध्यापाशी उंची एक, दोन्ही शेजाऱ्यांपाशी शून्य. बिंदूबिंदूला जुळू दे न जुळू दे, पण त्या तंबूखालच्या चुका तंबूच्या उंचीने तोलून बेरीज केली की शून्य आली पाहिजे, एवढीच अट. आणि ही बेरीज मांडताना कॉलेजातलं 'इंटिग्रेशन बाय पार्ट्स' कामाला येतं. त्या वेळी ते कशाला शिकवतात म्हणून आम्ही बोटं मोडली होती. त्याने दोनदा केलेल्या डिफरन्सिएशनमधलं एक तंबूच्या अंगावर ढकलता येतं. काठीला उतार आहे, तंबूलाही उतार आहे, वक्रता मग कोणाकडेच मागावी लागत नाही. ही युक्ती रशियन इंजिनियर बोरिस गॅलेर्किन यांच्या नावाने चालते. त्यांचा लेख १९१५ चा.

दुसरी खुबी अशी की प्रत्येक सांध्याच्या समीकरणात फक्त त्याचे शेजारी येतात. चाळीत आपण बातमी शेजारच्या खोलीतच सांगतो, तरी संध्याकाळपर्यंत ती टोकाच्या खोलीला पोचलेली असते, तसं. लाख सांधे असले तरी प्रत्येक ओळीत आकडे मूठभरच, बाकी सगळी शून्यं. म्हणून तर हे संगणकाला झेपतं. माझ्या उमेदवारीत संगणकाची स्मृती इतकी तुटपुंजी होती की सांध्यांना नंबर देणं हेच एक कसब होतं. शेजाऱ्यांच्या नंबरांत अंतर कमीत कमी पडावं म्हणून आखूड बाजूने मोजत जायचं. ट्रेसिंग पेपरवर पेन्सिलीने तीनतीनदा नंबर घालायचे, मग कार्डं पंच करून गठ्ठा बगलेत मारून दुसऱ्याच्या संगणकावर रात्रीची पाळी धरायची. गठ्ठा एकदा फोर्टात भर पावसात हातातून सटकला होता. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

तुकड्यांची कल्पना गणितात आधी आली आणि पडून राहिली. रिचर्ड कूरांट हे गटिंगेनचे प्राध्यापक. १९३३ साली नाझींनी ज्यू म्हणून त्यांना पदावरून काढलं, ते पुढे न्यूयॉर्कला गेले. १९४३ च्या एका लेखाच्या शेवटी त्यांनी पोकळ चौकोनी दांड्याला पीळ दिला तर काय होतं, ते त्रिकोणांचे तुकडे पाडून काढून दाखवलं. पण असले ढीगभर त्रिकोण सोडवणार कोण? संगणक नव्हते. पुढे बोइंगमध्ये त्रिकोणी पंखांचं गणित जुन्या रीतीने बसेना, तेव्हा इंजिनियरांनी तीच वाट वेगळ्या बाजूने काढली. टर्नर, क्लफ, मार्टिन आणि टॉप या चौघांचा लेख १९५६ चा. त्यातले रे क्लफ हे बर्कलीचे प्राध्यापक, बोइंगला सुट्टीत काम करायला गेलेले. 'फायनाइट एलिमेंट' हे नाव त्यांनी १९६० मध्ये दिलं.

आता दोरीकडे परत, कारण खरी गोम पुढे आहे.

मधला सांधा बरोबर आला म्हणून आपण खूश. पण एक मीटरवर खरी दोरी पंधरा सेंटिमीटर खाली आहे आणि काठी दहाच. पाचाची चूक. काठ्या चार केल्या, एकेक मीटरच्या, तर तीनही सांधे अचूक बसतात आणि मधल्या जागांतली जास्तीत जास्त चूक सव्वा सेंटिमीटरवर येते. आठ केल्या तर तीन मिलिमीटरच्या आसपास. तुकडा अर्धा केला की चूक चौथाई होते. सुरेख. चित्र काढलं तर आठ काठ्या आणि खरी दोरी यांतला फरक डोळ्यांना दिसायचा नाही.

पण दोरी मधोमध तुटत नाही हो. ती खिळ्याशी तुटते, किंवा खिळाच उपटतो. खिळ्याला खाली किती ओढ बसते? चार किलो कपडे, दोन खिळे, प्रत्येकी दोन किलो; हे चौथीतलं पोरही सांगेल. काठ्यांना विचारा. दोन काठ्यांच्या हिशेबात पहिली काठी दोन मीटरमध्ये वीस सेंटिमीटर उतरते. उतार एकदशांश, ताण दहा किलो, म्हणजे ओढ एक किलो. निम्मी! चार काठ्या घेतल्या तर दीड किलो. आठ घेतल्या तर पावणेदोन. झोळ अचूक, आणि खिळ्यावरचा भार मात्र पहिल्या हिशेबात निम्मा गायब. तुकडे अर्धे केले की झोळातली चूक चौथाई होते, पण ओढीतली निम्मीच होते, आणि तीही नेमकी जिथे मोडायचं असतं तिथे.

तो एक किलो गेला कुठे? आपणच वाटून टाकला होता. पहिल्या काठीच्या वजनातला निम्मा वाटा सरळ खिळ्याच्या नावे लिहिला, तो काठीच्या उतारात कधी उतरलाच नाही. गंमत अशी की खिळ्याची 'रिअ‍ॅक्शन' (खिळ्याने दोरीला दिलेला उलटा आधार) नीट काढली, तो वाटा धरून, तर ती दोन किलोच येते. म्हणजे एकूण भार आणि एकूण आधार यांचा ताळेबंद पैशापैशाने जुळतो, ऑडिटर सही करतो, आणि तरीही खिळ्यालगतच्या दोरीतला जोर निम्माच छापलेला असतो. ताळेबंद जुळला म्हणून निर्धास्त झालेले इंजिनियर मी पाहिले आहेत. पहिली तर मीच.

१९८४ ची गोष्ट. एका कारखान्यातल्या क्रेनच्या तुळईखालचा काँक्रीटचा ब्रॅकेट, कॉलममधून बाहेर आलेला. मी मोठ्या हौसेने त्याचे सोळा त्रिकोण पाडले. आमच्या ऑफिसातला तो पहिलाच असला प्रयोग. भार-आधार जुळले. कॉलमच्या तोंडाशी आलेला ताण अगदी कमी, मी स्टील वाचवल्याच्या आनंदात साहेबांपुढे कागद ठेवला. साहेब स्लाइड रूलच्या काळातले. त्यांनी सिगारेटच्या पाकिटामागे तीन ओळींत बेंडिंगचं गणित केलं. माझा आकडा त्यांच्या जेमतेम निम्मा. "तुझे त्रिकोण ताठ आहेत गं," ते म्हणाले, "वाकायला सांगितलं तर वाकत नाहीत." त्यांना थिअरी ठाऊक नव्हती, पण बोलले ते अक्षरशः खरं होतं. साध्या त्रिकोणात ताण सगळीकडे एकच असतो. वाकताना वर ओढ आणि खाली दाब असा फरक तो दाखवूच शकत नाही. शिवाय या पद्धतीतला नमुना, म्हणजे संगणकातलं मॉडेल, खऱ्या वस्तूपेक्षा ताठच असतो, कारण आपण त्याला थोड्याच आकारांत वाकायची मुभा दिलेली असते. मी रात्री बसून चौसष्ट त्रिकोण केले, आकडा वर सरकला. अजून केले, अजून सरकला. ब्रॅकेट हाताच्या गणितानेच बांधला गेला.

माझी चूक पाकिटावर पकडली गेली. सगळ्यांचं नशीब तसं नसतं. २३ ऑगस्ट १९९१ ला नॉर्वेत स्टाव्हँगरजवळच्या फियोर्डमध्ये 'स्लाइप्नर ए' नावाच्या तेल-प्लॅटफॉर्मचा काँक्रीटचा पाया चाचणीसाठी पाण्यात खाली उतरवत होते. चोवीस पोकळ कप्प्यांचा तो महाकाय पाया. कप्पे जिथे एकमेकांना भिडतात तिथल्या तिकोनी पोकळीची भिंत फुटली, पाणी घुसलं, पाया बुडाला, तळाशी आपटून चुराडा झाला. नुकसान सुमारे सत्तर कोटी डॉलर. चौकशीत निघालं ते मला तरी ओळखीचं वाटलं: फायनाइट एलिमेंटची जाळी त्या भिंतीपाशी जाडीभरडी होती, आकारही नीट नव्हते, आणि तिथला शिअर, म्हणजे भिंतीला आडवं कापू पाहणारा जोर, ४७ टक्क्यांनी कमी धरला गेला होता. त्यावर भिंतीची जाडी ठरली; सळ्याही तिथे आखूड पडल्या. नंतर बारकाईने गणित केलं, तेव्हा उत्तर आलं की भिंत ६२ मीटर खोलीवर फुटेल. प्रत्यक्षात ती ६५ मीटरवर फुटली होती. पद्धत तीच. दोरीचा हरवलेला किलो आणि हे ४७ टक्के एकाच घराण्यातले आहेत, असं मी नेहमी म्हणते. खोलीतले बाकीचे तेव्हा विषय बदलतात.

तर आमच्या गच्चीवरचा लाल ठिपका. सॉफ्टवेअर रंग कसा देतं? त्या चित्रातला सगळ्यात मोठा आकडा लाल, सगळ्यात छोटा निळा. बस. उद्या गच्चीवर एकटी तुळशीकुंडी ठेवून गणित चालवलं तरी कुठेतरी लाल येणारच. लाल म्हणजे धोका नव्हे, 'या चित्रात सर्वांत जास्त' एवढंच. बाजूच्या पट्टीवरचा आकडा वाचायचा असतो, आणि ती पट्टी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकताना कापली गेली होती. वर टाकीचा पाय नमुन्यात एका बिंदूवर टेकवलेला. बिंदूवर भार दिला की तिथला ताण जाळी बारीक करत जाल तसा वाढतच जातो, थांबतच नाही. ते गणिताचं भूत, काँक्रीटचं नव्हे. खरा पाय नऊ इंच रुंद आहे. म्हणजे चौथ्या मजल्यावरचे शेजारी ज्या ठिपक्याने रात्रभर जागले तो बराचसा खोटा होता.

आणि निळे जिंकले का? मुळीच नाही. चित्रात टाकीखालची तुळई कॉलमला मिळते ती जागा छान फिक्या हिरव्या रंगात होती, आणि मला शंका तिची होती. जाळीचा एकेक चौकोन तिथे जवळजवळ तुळईच्या खोलीएवढा. (जाणकारांसाठी: नेहमीचा खांब-तुळयांचा सांगाडा सोडवताना हा प्रश्न सहसा येत नाही, तिथला एलिमेंट मुळातच वाकणारा असतो. स्लॅब, भिंती, खोल तुळया प्लेटच्या तुकड्यांनी केल्या की जाळीकडे बघावं लागतं.) मी त्या मुलाला विचारलं, "अरे, जाळी अर्धी करून परत चालवलीस का? आकडा किती हलला?" तो म्हणाला, "नाही काकू, रिपोर्टमध्ये तसं मागत नाहीत."

खरं आहे, मागत नाहीत. महापालिकेचे जुन्या इमारतींचे प्रकार ठरलेले, सी-१ म्हणजे खाली करा, सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती, आणि मधले दोन. हातोडीची चाचणी, अल्ट्रासॉनिक, कोअर (काँक्रीटमधून कापून काढलेला गोल तुकडा), सगळं होतं. काँक्रीटची खरी ताकद कोअरमधून कळते आणि गंजलेल्या सळीचा व्यास ठोकून, उघडून. नमुन्यात मात्र बरेचदा चाळीस वर्षांपूर्वीच्या ड्रॉइंगमधली नवी कोरी सळी जाते, कारण ड्रॉइंग हाताशी असतं. पार्ल्याची खारी हवा सॉफ्टवेअरला आपण सांगितल्याशिवाय कळत नाही. त्यावर वेगळं पत्र लिहीन.

संपादक महोदय, आपल्या वार्ताहरांना माझी एकच विनंती. पुढच्या पुलाच्या वेळी 'संगणकीय विश्लेषणात सुरक्षित' असं कोणी सांगितलं की त्यांनी मी त्या मुलाला विचारलं तेच विचारावं. जाळी अर्धी केल्यावर आधारापाशीचा आकडा किती हलला? उत्तर एका वाक्यात देता येतं. दोन टक्के म्हणाले तर छापा. तीस म्हणाले तर तेही छापा. 'तसं काही केलं नाही' म्हणाले तर ती बातमी पहिल्या पानावर घ्या.

मुलगा चांगला निघाला. दुसऱ्या दिवशी रात्री त्याचा मेसेज आला, सोबत दोन चित्रं, या वेळी रंगांची पट्टी न कापता. गच्चीचा झोळ जाळी अर्धी केल्यावर जवळपास तेवढाच राहिला होता. टाकीखालच्या तुळईच्या तोंडाशी शिअर २८ टक्के वाढला होता. मी त्याला अजून एकदा अर्धी करायला सांगितली. तेव्हा आणखी १२ वाढला. पुढे किती वाढेल त्याचा अंदाज त्याने स्वतःच बांधला, मला सांगावं लागलं नाही. परवा त्या तुळईचं प्लॅस्टर काढलं. तिचं काय ते कळेपर्यंत टाकी अर्धीच भरायची असं ठरलं आहे, त्यामुळे सध्या लाल आणि निळे दोन्ही पक्ष सकाळी साडेसातनंतर पाणी नाही म्हणून माझ्यावर एकत्र चिडलेले आहेत.

आपली,
एक निवृत्त स्ट्रक्चरल डिझायनर
विलेपार्ले (पूर्व), मुंबई
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)